मोझेलच्या उतारावर

जर्मनीत प्रोजेक्टवर होतो तेव्हा मोझेल नदीकाठची खेडी पायी फिरलो. मंडळी, तिथे मोठ्या वाइनरीच्या नादी लागू नका. दारावर फुलापानांचा गुच्छ टांगलेलं घर शोधा. त्याला म्हणतात ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’. द्राक्षवाल्या कुटुंबाने वर्षातले फार तर 4 महिने, जास्तीत जास्त 40 खुर्च्या मांडून घरचीच वाइन आणि साधं खाणं विकायचं. हॉटेलचा परवाना लागत नाही.

ब्रेम गावाजवळचा काल्मोंटचा उतार काही ठिकाणी 65 अंशांच्या आसपास. ट्रॅक्टरचं कामच नाही. तोडणी हातानेच, ओझं वाहायला एकरुळी छोटी गाडी. जमिनीत पाटीचा दगड. तो दिवसाचं ऊन साठवतो, रात्री वेलींना ऊब देतो, म्हणून इतक्या उत्तरेलाही रीस्लिंग पिकते.

एका मालकीणबाईंनी समोरचा झुडपं माजलेला पट्टा दाखवला. शेजाऱ्यांची बाग होती, म्हणाल्या. मुलं शहरात गेली. त्यांचा मुलगाही माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमध्ये. बेळगावकडे आमच्या शेतीचंही तेच चाललंय, त्यामुळे पुढचं मला विचारवेना.

जाणार असाल तर आधी फोन करा. चव घेऊन थुंकलात तरी कोणी रागावत नाही, पण निघताना दोन बाटल्या विकत घ्याच.