मितभाषी मूल मंद नव्हे

वर्गांत शिक्षकांनीं प्रश्न विचारतांच जो हात वर करितो तो हुशार, आणि जो खालीं पाहून विचार करीत बसतो तो मंद, असा समज आपल्या समाजांत फार रूढ आहे. घरींहि पाहुण्यांसमोर चुरचुर बोलणाऱ्या मुलाचें कौतुक होतें व त्याच्या अबोल भावंडास ‘घुमा’ ही पदवी मिळते. हा न्याय आम्हांस योग्य वाटत नाहीं.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत स्वभावाचे दोन प्रकार वर्णिले आहेत. ज्याची ओढ स्वतःच्या विचारांकडे तो अंतर्मुख. ज्याचें मन बाहेरील माणसें व घडामोडी यांकडे धांवतें तो बहिर्मुख. परंतु केवळ एका टोकाचा मनुष्य विरळा. बहुतेक जण मध्येंच कोठें तरी असतात. त्यांस उभयमुख म्हणावें. क्रीडांगणावर गर्जणारा मुलगा सभेंत गप्प राहतो, परक्यांत मौन धरणारी मुलगी मैत्रिणींत खळखळून हंसते, यांत नवल नाहीं.

अंतर्मुखता म्हणजे भित्रेपणाहि नव्हे. भित्र्यास बोलावेसें वाटतें, पण लोक हंसतील या धास्तीनें त्याची जीभ अडखळते. अंतर्मुखास एकांतांतच विसावा लाभतो. पहिल्यास धीर हवा, दुसऱ्यास सवड.

या सवडीचें मोल मोठें आहे. अमेरिकेंतील मेरी बड रो या विदुषींनीं १९७४ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असें त्यांस आढळलें. तें थांबणें तीन सेकंदांवर नेतांच उत्तरें अधिक विस्तृत व विचारपूर्ण येऊं लागलीं, आणि एरव्हीं न बोलणारीं मुलेंहि बोलूं लागलीं. म्हणजे उणीव पुष्कळदां मुलांत नसून आपल्या उतावळेपणांत असते.

‘बोलेल त्याचीं बोरें विकतील’ ही म्हण खोटी नव्हे. अबोल विद्यार्थ्यांनीं चार लोकांत आपलें मत मांडण्याचा सराव अवश्य करावा. परंतु दुसऱ्याचें बोलणें पुरतें ऐकून घेण्याचा सराव बोलक्यांनींहि तितक्याच निष्ठेनें करावा. पालकांस आमची विनंति एवढीच, कीं एका मुलाच्या मापानें दुसऱ्यास मोजूं नये. आणि शांत मुलास प्रश्न केला, तर उत्तर येईपर्यंत क्षणभर आपणच मौन पाळावें.