सहा मिलिमीटरचा शौक

भाच्याने सेकंडहँड सेडान घेतली आणि पंधरा दिवसांत मला फोन. "मामू, वळणावर गाडी फार झुकते. मागचा स्टॅबिलायझर बार जाड टाकतोय. आताचा 16 मिलिमीटरचा आहे, 22 चा मिळतोय. सहाच मिलिमीटरचा तर फरक!"

मी भाषेचा मास्तर, पण एवढं गणित मलाही येतं. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. आकार तोच ठेवून 16 चा 22 केला तर बार साडेतीन पट ताठ होतो. 18 चा घेतला तर सुमारे 1.6 पट.

बार पकड देत नाही, हे दुकानदार सांगत नाही. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा वळणावर पिळला जातो, म्हणून गाडी कमी झुकते. पण त्याच वेळी आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जातो आणि मागच्या दोन्ही चाकांची मिळून पकड उलट घटते. पुढची चाकं ओढणारी गाडी कंपनी मुद्दाम अशी बनवते, की वेग जास्त झाला तर आधी पुढची चाकं घसरावीत. माणूस घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी बहुधा सावरते. मागचा बार अति ताठ असेल तर तोच घाबरलेला पाय घात करतो. वजन पुढे सरकतं, मागचा भाग हलका होऊन बाहेर फिरतो. कोरड्या ट्रॅकवर लोक याला मजा म्हणतात. जुलैतल्या कुंभार्ली घाटात, मागच्या सीटवर आपा बसलेली असताना, काय म्हणायचं?

शौक करू नकोस, असं मी म्हटलं नाही. तसं म्हणून कोणता भाचा ऐकतो? पण आधी टायर, बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासायला सांगितलं. जुन्या गाडीचं झुकणं पुष्कळदा तिथेच असतं.

बसवतानाही घाई नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मेकॅनिक कितीही जुना असो. मागची दोन्ही चाकं सारखी उचलून गाडी स्टँडवर घ्यायची. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि बोल्ट सैल करताच उसळतो. पॉलियुरेथेनच्या बुशला त्याच्यासोबत आलेलंच ग्रीस. बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीच्या मापाने. बार ब्रेकच्या पाइपला किंवा सायलेन्सरला कुठे घासत नाही ना, हे सस्पेन्शन खालीवर करून पाहायचं. शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळायचं. बार धरणाऱ्या ब्रॅकेटजवळचा पत्राही तेव्हाच बघायचा, कारण ताठ बारचा जोर शेवटी त्याच्यावर येतो. विमा कंपनीला लेखी कळवायचं ते वेगळंच.

बरीच हुज्जत होऊन 18 वर तडजोड झाली. टायर आधी बदलणार. पहिली फेरी तो एकटा, रिकाम्या मैदानात, हळू मारणार आहे. आपाला मात्र यातलं अजून काही सांगितलेलं नाही.