टॅबची वीट होते तेव्हा

मंडळी, या विकांताचा विषय थोडा कोरडा आहे, पण वस्तू तुमच्या घरातली आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली एखादा टॅब किंवा ई-रीडर पडलेला असेल. 'अपडेट केलं आणि तेव्हापासून चालूच होत नाही' एवढीच त्याची कथा. त्यावर आधी कोणी रूट केलेलं असेल तर घरातल्या घरात निकालही लागलेला असतो: नसते उद्योग केले की असंच व्हायचं!

यवतमाळात दुरुस्तीच्या दुकानात असा टॅब नेला तर बहुधा ऐकायला मिळतं, "भाऊ, बोर्ड गेला याचा. नवीनच घेऊन टाका." इंग्रजीत अशा यंत्राला 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. आणि दोन दुकानं फिरून आल्यावर मालकालाही वीट येतो. :)

माझं म्हणणं असं की बोर्ड बहुतेक वेळा गेलेला नसतो. गेलेली असते ती एक फाईल, म्हणजे त्या मॉडेलचं मूळ फर्मवेअर. ती मालकाला सरळ मार्गाने मिळत नाही. हा दोष रूट करणाऱ्याचा नाही. तो टॅब बनवणाऱ्याचा आहे, आणि जनतेच्या पैशातून टॅब विकत घेऊन वाटणाऱ्यांचा त्याहून जास्त.

आधी रूट करणाऱ्याची बाजू. रूट म्हणजे आपल्याच यंत्राचे पूर्ण अधिकार आपल्याकडे घेणे. आपल्याकडे लोकांनी हे केलं त्याचं एक मोठं कारण मराठी होतं. अँड्रॉइड २.२ मध्ये मुळात देवनागरी फाँटच नव्हता. मराठी पान उघडलं की चौकोनांची रांग. मग ऑपेरा मिनीच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांची चित्रं मागवायची, नाहीतर रूट करून सिस्टीमच्या फाँट फोल्डरमध्ये देवनागरी फाँट टाकायचा. तरीही ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला पडायची, पण वाचता यायचं. देवनागरीची अधिकृत सोय अँड्रॉइड ४ पासून आली. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि स्वतःचा फाँट टाकायची सोय २०१८ मध्ये. त्याआधी ज्याला किंडलवर मनासारखी मराठी वाचायची होती त्याने कुलूप तोडलं. आपली भाषा वाचण्यासाठी केलेल्या या खटपटीला 'नसते उद्योग' म्हणणं मला पटत नाही.

आता रूट केलेल्या यंत्रावर अपडेट का फसतं ते पाहू. अँड्रॉइड ४.४ पर्यंतचं अपडेट एकेक फाईल तपासायचं. मूळ फाईल जशीच्या तशी असेल तरच त्यावर ठिगळ लावायचं. ५.० पासून सबंध सिस्टीम विभागच तपासला जाऊ लागला. एक बाइट जरी बदललेला सापडला तरी अपडेट नकार देतं. हा नकार सुरक्षित असतो, कारण तपासणी लिहिण्याच्या आधी होते. गडबड होते ती पुढे. नकार आला म्हणून माणूस जालावरून मिळेल ते फर्मवेअर आणून जबरदस्तीने चढवतो. किंवा वेगळी रिकव्हरी बसवलेली असते, तिला अपडेटचा हुकूम कळत नाही, तो हुकूम यंत्राच्या नोंदीत तसाच राहतो आणि टॅब दर वेळी रिकव्हरीतच उठतो. किंवा जुन्या बॅटरीने लिहिता लिहिता मान टाकली. किंवा रूट तसंच ठेवून बूटलोडरचं कुलूप परत लावलं. ७.० पासून प्रणालीच्या दोन प्रती ठेवून न चालणारी सोडून द्यायची सोय आली, पण ती प्रत्येक स्वस्त टॅबमध्ये असेलच असं नाही.

थोडक्यात काय, तर यातल्या एकाही प्रकारात चिप जळत नाही. म्हणून 'बोर्ड गेला' म्हणण्याआधी एवढं क्रमाने पहावे:

१. दोन-तीन तास चांगल्या चार्जरवर ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी बराच वेळ काही दाखवत नाही. मग पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा.

२. गाडी कुठे अडते ते पहा. कंपनीच्या स्थिर चिन्हावर अडली तर संशय बूट विभागावर. हलत्या चित्रावर अडली तर सिस्टीम किंवा डेटावर. दुसऱ्या प्रकारात रिकव्हरीत जाऊन आधी फक्त कॅशे पुसा. फॅक्टरी रिसेट शेवटी, कारण त्यात फोटो, नोट्स सगळं जातं.

३. दर वेळी रिकव्हरीतच उठत असेल तर सगळं पुसायची घाई नको. अडकलेला हुकूम काढला की पुष्कळदा टॅब सरळ उठतो, आणि आतला विदा शाबूत राहतो.

४. पडदा काळाच असेल तर यूएसबीने संगणकाला जोडा आणि संगणकाला काही दिसतं का ते पहा. मीडियाटेकचा टॅब काही सेकंद 'प्रीलोडर' म्हणून दिसतो, क्वालकॉमचा '९००८' या नावाने. काहीतरी दिसलं म्हणजे चिप जिवंत आहे.

५. फर्मवेअर मॉडेलच्या नावावरून घेऊ नका, आतल्या बोर्डावर छापलेल्या क्रमांकावरून घ्या. 'क्यू ८८' बोर्डाचे सात इंची टॅब कितीतरी नावांनी विकले गेले, आणि टचचा भाग एकात एक तर दुसऱ्यात दुसरा. चुकीचं फर्मवेअर चढलं की पडदा दिसतो, पण बोट डावीकडे ठेवलं तर उजवीकडे उमटतं.

६. मीडियाटेकच्या फ्लॅश टूलमध्ये 'फॉरमॅट ऑल' निवडू नका. त्यात सिमवाल्या टॅबचा आयएमईआय पुसला जातो आणि नसलेलं दुखणं मागे लागतं.

ही यादी पाळायला फार अक्कल लागत नाही. पण पाचव्या पायरीवर सगळे अडकतात, कारण फाईल आणायची कुठून?

इथे 'आकाश'ची आठवण काढावीच लागते. ५ ऑक्टोबर २०११ ला मोठ्या थाटात आलेला सरकारी टॅब. पहिला फारच कच्चा होता: ३६६ मेगाहर्ट्झची चिप, २५६ एमबी रॅम, बोट दाबून चालवायचा पडदा. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाश-२ आला. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडायचा. असे १ लाख टॅब आयआयटी मुंबईमार्फत महाविद्यालयांत जायचे होते. प्रकल्पाची पुढे चेष्टाच जास्त झाली आणि २०१५ मध्ये तो गुंडाळला गेला.

चेष्टेत एक गोष्ट मात्र हरवली. आकाश-२ मध्ये ऑलविनरची ए-१३ चिप होती. या चिपच्या पोटात न पुसता येणारा छोटा प्रोग्रॅम असतो. तो चालू होताच आधी मेमरी कार्ड पाहतो, मग आतली मेमरी, आणि दोन्हीकडे काही नसेल तर यूएसबीवर संगणकाची वाट पाहत बसतो. म्हणजे आतलं सगळं पुसलं गेलं तरी टॅब कार्डावरून उठवता येतो. आयआयटी मुंबईच्या चमूने कार्डावरून चालणारी लिनक्स याच टॅबसाठी तयार केली आणि तिचा स्रोत सगळ्यांसाठी खुला ठेवला. फुटलेला पडदा किंवा मेलेली बॅटरी सोडली, तर विद्यार्थ्याच्या हातून या टॅबची कायमची वीट होणं जवळपास अशक्य होतं. दोन-सव्वादोन हजारांच्या टॅबमध्ये जे होतं, ते आजच्या पंधरा हजारांच्या टॅबमध्ये नसतं.

कारण नंतर दारं बंद होत गेली. सॅमसंगने २०१३ पासून 'नॉक्स'चा फ्यूज आणला. परकं फर्मवेअर एकदा चढवलं की तो उडतो आणि पुन्हा जोडता येत नाही. क्वालकॉमच्या चिपमध्ये आणीबाणीचं दार आहे, पण ते कंपनीने सही केलेल्या प्रोग्रॅमशिवाय उघडत नाही, आणि तो प्रोग्रॅम मालकाला देत नाहीत. मग दुरुस्तीवाले काय करतात? कुठून तरी फुटलेली फाईल टेलिग्रामवरून घेतात, किंवा पैसे भरून 'बॉक्स' नावाचं उपकरण घेतात. त्या फाईलमध्ये आणखी काय भरलंय ते देव जाणे. ज्ञान आहे, हातात कसबही आहे, पण कच्चा माल चोरबाजारातला. आणि हे सगळं यवतमाळात नाही जमलं तर माणूस नागपूर किंवा अमरावती गाठतो, वणीचा चंद्रपूर, उमरखेडचा नांदेड. एक दिवसाची मजुरी, बसचं भाडं, आणि तिथेही उत्तर तेच.

आता कोणी म्हणेल, चैनीच्या वस्तूसाठी एवढं कशाला? तर आता ती चैन राहिलेली नाही. नागपूरच्या 'महाज्योती'ने गेल्या काही वर्षांत नीट, जेईई, सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांना टॅब दिले, सोबत रोज ६ जीबी इंटरनेट दिलं. घाटंजी किंवा झरी जामणीच्या मुलीसाठी तोच टॅब म्हणजे शिकवणी वर्ग. परीक्षेच्या दोन महिने आधी तो चिन्हावर अडकला तर तिचा शिकवणी वर्गच बंद पडतो. दुसरं उदाहरण फोनचं आहे, पण दुखणं तेच. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. २ जीबी रॅमचे ते फोन नव्या ॲपच्या ओझ्याखाली बसले होते आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्याच माथी येत होता. यंत्र वाटणाऱ्याने त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार केला नाही की असं होतं.

यावर नेहमीचा आक्षेप सुरक्षेचा. दार उघडं ठेवलं तर चोराचं फावेल, कुणीही काहीही चढवेल. आक्षेप खोटा नाही. चोरलेला फोन कुलूप न उघडता पुसून विकता येऊ नये, हे मलाही मान्य. पण दोन मागण्यांची सरमिसळ होतेय. 'बूटलोडर सगळ्यांना मोकळा करा' ही एक. तिच्यावर वाद होऊ शकतो. 'कंपनीने सही केलेलं मूळ फर्मवेअर जाहीर ठेवा' ही दुसरी. तिच्यात सुरक्षेला धक्का लागत नाही, कारण सही तपासणारं कुलूप जागेवरच राहतं. आत जाते ती कंपनीचीच फाईल.

आणि हे कुठे होत नाही असंही नाही. किंडलच्या अपडेट फाईली ॲमेझॉन मॉडेलप्रमाणे जाहीर ठेवते. उतरवून घ्या, यूएसबीने टाका. गुगल आपल्या पिक्सेल फोनची मूळ फर्मवेअर वर्षानुवर्षे देत आलेय. कोबोच्या जुन्या ई-रीडरांत तर सगळी प्रणाली आतल्या साध्या मायक्रो एसडी कार्डावर असायची. कार्ड काढा, संगणकावर नक्कल करून ठेवा, बिघडलं की नवं कार्ड लावा. बारावीचा मुलगा करू शकेल. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला की फोन आणि टॅबना कंपन्या देतील ती अपडेट्स विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षं विनामूल्य मिळाली पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं पाऊल, पण पोर्टल असणं वेगळं आणि हातातल्या मॉडेलची फाईल मिळणं वेगळं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. सरकारी पैशातून टॅब घ्यायचे तर निविदेत तीन ओळी घाला. एक, सही केलेलं मूळ फर्मवेअर आणि ते चढवायचं साधन विभागाच्या संकेतस्थळावर राहील, सोबत मराठीत पानभर सूचना. दोन, प्रत्येक अपडेटची आधीची आवृत्तीही तिथे राहील. तीन, टॅबवर व्यवस्थापनाचं कुलूप घातलं असेल, जसं हरयाणाने २०२२ मध्ये वाटलेल्या टॅबवर होतं, तर योजना संपल्यावर ते काढून दिलं जाईल. कंपनीला याचा खर्च जवळजवळ शून्य, कारण या फाईली तिच्याकडे असतातच. हजारो नग विकत घेणारा ग्राहक हे सहज मागू शकतो. एकट्या घाटंजीच्या मुलीने मागून कोण देणार?

तोवर रूट करणाऱ्यांनीही थोडी शिस्त पाळावी. टॅब चालू आहे तेव्हाच बिल्ड क्रमांक लिहून ठेवा, मूळ बूट विभागाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या, आपोआप अपडेट बंद करा, आणि अपडेट हवंच असेल तर आधी मूळ स्थितीत आणून मगच घ्या. अर्धा तास लागतो. आणि वरच्या कप्प्यातला तो टॅब भंगारात देण्याआधी एकदा चार्जरला लावून संगणकाला जोडून पहा.

चु.भू.द्या.घ्या.