भोपाळचा कचरा, पीथमपूरचे दार

२ जानेवारी २०२५ रोजी भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून आपल्या धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे पोहोचला. १९८४ च्या वायुदुर्घटनेला तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती.

या काळात १९८९ साली ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. २०१० साली काही भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष वॉरेन अँडरसन खटल्याला सामोरे न जाताच २०१४ मध्ये निवर्तले. सरकारे आली नि गेली, कचरा तेथेच राहिला. अखेर तो उचलण्यासाठी उच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली.

पीथमपूरकर रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांना अज्ञानी ठरविणे सोपे होते. परंतु आपण डॉक्टर मंडळी जाणतो की, शस्त्रक्रिया कितीही आवश्यक असली तरी रुग्णाला आधी समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते. भोपाळमध्ये त्या रात्री उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही वायूची पुरेशी माहिती मिळाली नव्हती. त्या मौनाची किंमत रुग्णांनी मोजली.

जून २०२५ अखेर कचरा जाळून झाला, राख उरली. हवेच्या व विहिरींच्या पाण्याच्या तपासण्यांचे निष्कर्ष नियमितपणे, सोप्या हिंदीत, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावले जावेत. परिसरातील आजारांच्या नोंदी आपण ठेवाव्यात. उद्योगपती असो वा मंत्री, न्यायालयाने विचारण्यापूर्वी जो लोकांना सांगतो, त्यालाच नेता म्हणावे.