पाणी अडविले, वाटणी कोणी करावयाची?

सन 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूर शहरास रेल्वेने पाणी न्यावे लागले. लातुरास पाणी पुरविणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे; ते त्या वर्षी कोरडे पडले होते. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यात गावोगावचे स्त्रीपुरुष टिकाव, फावडी व घमेली घेऊन माळावर जात होते. पाणी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा त्या वर्षी प्रथमच भरविली आणि तीसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव व वरुड यांच्या जोडीने अंबाजोगाई हा एक होता. 45 दिवसांच्या मुदतीत सलग समतल चर खणले गेले, दगडी बांध रचले गेले, नाल्यांतील गाळ निघाला. पुढील वर्षांत हे श्रमदान जिल्ह्याच्या इतर तालुक्यांतही पसरले.

या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. 1972 च्या दुष्काळातही पाझर तलाव व नालाबांध पुष्कळ झाले; परंतु ती कामे मजुरीची होती, लोकांनी ती सरकारची मानली आणि पुढे गाळ साचला तरी तो काढण्याची चिंता फारशी कोणी केली नाही. आपल्या गावासाठी आपण होऊन खणलेल्या चराकडे मनुष्य निराळ्या दृष्टीने पाहतो.

पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही हा शेतकऱ्याचा अनुभव आता शास्त्रासही मान्य आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे सबंध पृथ्वीचे वातावरण तापत आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. याचा परिणाम असा की उघडीप लांबते आणि पाऊस आला म्हणजे एकदम कोसळतो. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत भागावरील अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. 2025 च्या सप्टेंबरात बीडसह मराठवाड्यात काय झाले ते सांगावयास नको. उभी पिके पाण्याखाली गेली व जमिनी खरडून गेल्या. हे वातावरण तापविण्यात बालाघाटावरील कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे. राष्ट्राराष्ट्रांमध्ये 2015 साली पॅरिस येथे करार झाला, पुढेही होतील. परंतु माळावर पडलेले पाणी त्या करारांनी अडत नाही. ते गावालाच अडवावे लागते.

ते अडविले गेले. पण अडविलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न पुष्कळ गावांनी विचारलेलाच नाही.

बीड जिल्ह्याचा खडक काळ्या पाषाणाचा आहे. वरच्या मुरमात व कुजलेल्या खडकात पाणी मुरते. खालचा कठीण पाषाण भेगांखेरीज पाणी धरीत नाही. वरचा थर एका चांगल्या पावसाळ्यात भरतो आणि उपसा जोराचा असेल तर एकाच उन्हाळ्यात रिता होतो. चर माथ्यावर सर्वांनी खणले, पाणी मात्र उताराने जाऊन ज्याच्या विहिरीस वा बोअरला लागले तो ते उपसतो. श्रमदानात राबलेल्या भूमिहीनाच्या वाट्यास त्यातील काय येते? या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस परजिल्ह्यात व परराज्यात जातात. त्यांनी उन्हाळ्यात गावी येऊन चर खणावेत आणि मुरलेले पाणी पुन्हा उसासच जावे, यात काही तरी चुकते आहे.

हिशेब अवघड नाही. पाटपाण्यावरील उसास वर्षाकाठी 2,000 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागते. पावसाचा वाटा वजा घातला तरी विहिरीतून निदान 1,500 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी द्यावे लागते. आता 2,000 वस्तीच्या गावास माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षास चार कोटी लिटर पुरतात. तीन हेक्टर उसास त्याहून अधिक लागते. तेवढ्याच पाण्यात तीस हेक्टर रब्बी ज्वारीस दोन संरक्षित पाळ्या देता येतील.

ऊस लावणारा शेतकरी लोभी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कापसाचा व सोयाबीनचा भाव डोलतो, उसाचा किमान दर ठरलेला असतो. कोणीही शहाणा मनुष्य तिकडेच वळेल. म्हणून नुसती बंदी टिकत नाही. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचा धारूर-6 हा वाण आहे, बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तुती व रेशीम कोश यांचा जोडधंदा जिल्ह्यात रुजला आहे. कमी पाण्याचा पैसा दाखवून मग मर्यादेची गोष्ट बोलावी, आणि तरीही ज्याला ऊस लावावयाचा असेल त्याने तो ठिबकावर व गावाने ठरविलेल्या क्षेत्रापुरता लावावा.

अशी मर्यादा लोक पाळतात काय? महाराष्ट्रात पाळलेली आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरविला: माणशी अर्धा एकर, पाच माणसांच्या घरास अडीच एकर. भूमिहीनासही वाटा मिळाला आणि उसास पाणी दिले गेले नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावानेही शेतीसाठी बोअर घेणे बंद केले व दरसाल पाऊस मोजून पीक ठरविण्याची रीत पाडली. राज्याचा भूजल कायदाही सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास आडकाठी करतो. परंतु गावाने मनावर घेतल्याखेरीज कायदा कागदावरच राहतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील काम अवश्य करावे. पाऊस परतल्यावर गावातील पर्जन्यमापकाची नोंद व निवडक विहिरींची पातळी फळ्यावर लिहावी. त्यातून माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढावे, उरलेल्यात कोणते पीक किती बसते ते ग्रामसभेपुढे ठेवावे. मोजणी चारचौघांसमोर करावी. फळ्यावरील आकडा ज्याने स्वतः दोरी सोडून पाहिला तो त्याविषयी वाद घालीत नाही.

एक गोष्ट विशेष जपावी. पुष्कळ गावांत ही सभा दिवाळीनंतर सवडीने भरते. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात आणि ज्यांनी चर खणले ते सभेस नसतात. पाऊस संपणे आणि मुकादमाची गाडी दारात लागणे यांमध्ये फार थोडे दिवस मिळतात. सभा त्याच दिवसांत भरवावी.