बिल लटकलंय, बॉस!

स्टार्टअप म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काचेचं ऑफिस, बीन बॅग्ज, कॉफी आणि कुणीतरी दिलेलं तगडं फंडिंग. पण मंडळी, बदलत्या गावात छोटा धंदा कसा उभा राहतो हे बघायचं असेल, तर पनवेलहून उरणची वाट धरा आणि जासईला उतरा.

हे दि. बा. पाटलांचं जन्मगाव. 1970 मध्ये सिडको आली आणि या भागातली भातशेती, मिठागरं संपादनात जाऊ लागली. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. बंदर आलं की ट्रेलर येतात, ट्रेलरमागून गॅरेज, टायरवाला, खानावळ, कामगार पुरवणारा ठेकेदार. शेती गेली, पण गिऱ्हाईक दारात आलं!

मग घोडं अडतं कुठे? उधारीत. डिझेल रोखीनं, ड्रायव्हरचा पगार महिन्याच्या महिन्याला, बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला. आणि मोठ्या कंपनीकडचं बिल? 'पुढच्या आठवड्यात बघू!' नफा कागदावर, खिशात खडखडाट. काम भरपूर असूनही छोटा धंदा दम टाकतो तो इथे.

कायदा आहे, आणि चांगला कडक आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज! एप्रिल 2024 पासून तर मुदत उलटलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं केल्याशिवाय कंपनीला तो खर्च करासाठी वजाही करता येत नाही. धंदेवाल्यानं मात्र आधी 'उद्यम' नोंदणी करायला हवी. ती फुकट होते.

पण तक्रार केली आणि पुढची ऑर्डरच गेली तर? या धास्तीवर कुठल्याही कलमात औषध नाही.

ते औषध तुमच्या टेबलावर आहे. अकाउंट्स, पर्चेस, अ‍ॅडमिन... हो, तुम्हीच! कर्ज, ट्रेनिंग, सरकारी योजना सगळं हवंच. पण केलेल्या कामाचे वेळेवर आलेले पैसे हे सगळ्यात स्वस्त भांडवल. तेव्हा आज लॉग-आउट करण्याआधी बिलांचा तो ढीग जरा चाळा. तुमची एक सही म्हणजे कुणाचा तरी या महिन्याचा पगार आहे.