बाकावरची माणसं

सकाळी सातच्या चहाबरोबर आमच्या घरी अमेरिकेतलं बास्केटबॉल सुरू होतं. चिरंजीव फिनिक्स सन्स संघाचे भक्त. स्वतः शाळेच्या संघात राखीव! २०२४-२५ च्या हंगामात भक्ताचं तोंड सारखं उतरलेलं. "पप्पा, ड्युरँट, बुकर, बील, तिघं असूनही हरतात कसे?"

म्हटलं, हिशेब मांड. सामना ४८ मिनिटांचा, मैदानात पाच जण. म्हणजे २४० मिनिटं. तिघांनी प्रत्येकी ३६ मिनिटं खेळली तरी १०८ होतात. उरलेली १३२ कोण खेळणार? २०२३ च्या फेब्रुवारीत ड्युरँटला आणताना ब्रिजेस आणि जॉन्सन हे उमेदीचे खेळाडू दिले, वर पहिल्या फेरीतल्या निवडीचे चार हक्क. जूनमध्ये बीलसाठी पॉल गेला. तिघांचे पगार एवढे, की लीगच्या नव्या नियमांनुसार बाहेरचा खेळाडू करारावर घ्यायचा तर किमान पगारावरच. सुरुवात झकास झाली, नऊपैकी आठ विजय. नोव्हेंबरात ड्युरँटची पोटरी दुखावली आणि बाकावरची पोकळी उघडी पडली. बचावही ढिलाच होता म्हणा. अखेर ३६ विजय, ४६ पराभव.

सांगता सांगता मीच गप्प झालो. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. बारा मुलं नेता येत असताना मी सातच नेली. बाकीची 'कच्ची' म्हणून वगळली. उपांत्य सामन्यात आमचे तिघं पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसले. शेवटची तीन मिनिटं आमचे चौघं समोरच्या पाचांशी झुंजत होते. वगळलेल्यांपैकी एक जण स्वखर्चानं सामना बघायला आला होता. खेळाचे बूट घालूनच कठड्यापाशी उभा! हरल्यावर कप्तान माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाला, "साक् री, सर."

खरं तर तो सामना मी संघ निवडला त्याच दिवशी हरलो होतो. कच्च्यांना रोज दहा मिनिटं खेळवलं असतं, तर ते कच्चे राहिले असते का? घरातही तेच नाही का होत? सगळा भार एकीच्या खांद्यावर, आणि ती आजारी पडली की चहाची पूड कुठे आहे हेसुद्धा कुणाला ठाऊक नसतं.

रविवारी चिरंजीवांचा सामना आहे. "मी बाकावरच असणार, कशाला येता?" म्हणतो. म्हणूनच जाणार आहे.